खाल्लं, पचलं

वैशाख वद्य तृतीया, शके १८७८

भाई वैद्यांनी सांगितलं म्हणून ही वही. म्हणाले, सुनेने काय खाल्लं आणि त्यातलं काय पचलं ते लिहून ठेव जानकी, मी येता-जाता बघेन. मी म्हटलं, माझी शाळा दुसरीपर्यंत, पुढे मास्तर पळाला. ते म्हणाले, भाकरी लिहिता येते ना, मग पुरे.

सुशीला काल आली. मोसमातली शेवटची आगबोट. आमचा लवू स्वतः आला नाही, म्हणे गिरणीत रजा नाही. बाबलीच्या सोबतीने धाडली. हा बाबली इथले आंबे, सुकी मासळी घेऊन मुंबईला जातो आणि येताना साऱ्या गावाचे निरोप आणतो. सुशीला पडावातून किनाऱ्यावर उतरली तेव्हा मला वाटलं, कोणाचं तरी वाळत घातलेलं लुगडं वाऱ्याने उडून आलं. लग्न झालं तेव्हा ही मुलगी आंबोलीच्या डोंगरातून आलेली, पाण्याची घागर एका हाताने उचलायची. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा वाया गेलं. आता नखं पांढरी, डोळे पिवळे.

बरोबर एक काळी ट्रंक, एक औषधाची बाटली आणि दुधाच्या पावडरीचा डबा. डब्यावर गुबगुबीत पोराचं चित्र. गोठ्यात गाय असताना डब्यातलं दूध. मांजराला घातलं, त्याने हुंगलं आणि गेलं. डबा मात्र बरा आहे, झाकण घट्ट बसतं. ठेवला.

लवूचा निरोप असा की अंगावर मांस येऊ दे, मग बोलावतो.

खाल्लं: उकड्या तांदळाची पेज, अर्धी वाटी, मिठातली कैरी. पचलं: नाही.

ज्येष्ठ शुद्ध दशमी

माझी रीत सोपी आहे. भुई ज्या महिन्यात जे देते ते त्या महिन्यात खायचं, आणि आपल्या भुईचं खायचं. लांबचं आणि अवेळचं पोटाला पाहुण्यासारखं. बसून राहतं, कामाला लागत नाही. वैद्यांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, हेच मी सांगणार होतो, आता माझी फी बुडाली.

शेजारची मथुरा येऊन बसली. "मुंबयत बारा म्हयने कोबी गावता गो जानके." मी म्हटलं, "म्हणान तर थंयली माणसां बारा म्हयने कोबीसारखी दिसतत." सुशीला हसली. आल्यापासून पहिल्यांदा. दात अजून चांगले आहेत.

खाल्लं: पेज एक वाटी, फणसाच्या आठळ्या भाजून. पचलं: पेज हो, आठळ्या नाही.

आषाढ वद्य द्वितीया

टाकळा कुंपणाला हातभर वाढला. कोवळा खुडून आठळ्या घालून भाजी केली. मुंबईची माणसं याला गवत म्हणतात. असू दे गवत. पावसाळ्यात पोटात जे साचतं ते टाकळाच काढतो. सुशीलाला सांगितलं, कडू लागलं तर माझं नाव घेऊन गीळ. तिने गिळलं. नाव घेतलं की नाही माहीत नाही.

काल ओकली होती, आज नाही.

श्रावण वद्य अष्टमी

गोकुळाष्टमी. उपास सोडताना आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी. पाला तिने स्वतः काढला, एकेक काडी बाजूला करून. तिला पहिली आंबोळी वाढली, दुसरी वाढली. तिसरी वाढताना मला वाटलं आता हात आडवा करील. केला नाही. मी उगाच वळून तवा खरवडत बसले.

खाल्लं: तीन आंबोळ्या. पचलं: तिन्ही.

भाद्रपद वद्य पंचमी

गणपतीला लवू आला नाही. रजा नाही. गिरणी याच्या एकट्यावर चालते वाटतं.

बोटी सुरू झाल्या. बाबलीकडे गाठोडं दिलं: उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, कोकमाची सोलं आणि तिरफळं. तिरफळ घातलं नसेल तर माझा लवू लहानपणी बांगड्याचं ताट ढकलून द्यायचा. सोबत निरोप की तुझी बायको आता अर्धी भाकरी जास्त मागते, थोडी कळ काढ.

आश्विन पौर्णिमा

आज नव्याची पुनव. पहाटे शेतात जाऊन नव्या भाताच्या लोंब्या आणल्या. लोंबी, आंब्याचं पान आणि कुर्डूचं फूल, तिन्ही एकत्र बांधून जुडी करायची, तिलाच नवं म्हणायचं, आणि घरात राहत्या प्रत्येक वस्तूला बांधायची. दाराला, नांगराला, रगड्याला, मुसळाला, विहिरीच्या रहाटाला. हे गेल्यावर मीच बांधते. एक जुडी दरवर्षी मुंबईला जाते, लवूच्या खोलीच्या दाराला.

सुशीला जुड्या घेऊन माझ्यामागून फिरत होती. तिच्या ट्रंकेपाशी थांबली. मी म्हटलं, "तिका नको गो. ती जावची वस्तू. नवां रवतल्या वस्तूंक." तिने जुडी परत सुपात ठेवली.

नव्या तांदळाची खीर केली. पहिली वाटी घरातल्या पुरुषाची, म्हणजे लवूची. ती देवापुढे ठेवून मग आम्ही खाल्ली. पचली.

कार्तिक शुद्ध द्वादशी

बाबली आला. माझे उकडे तांदूळ तसेच परत घेऊन.

"लवू म्हणता उकडे धाडू नको, काकी. सुरय धाड."

सुरय म्हणजे पांढरा, न उकडलेला तांदूळ. तो आम्ही सणाला खातो, तोही गोडाधोडात. मी विचारलं, तिरफळं तरी ठेवली ना? तर तीही नकोत. वास येता म्हणता.

"कोण म्हणता?"

बाबली माडाकडे बघत म्हणाला, "लवूच."

खाणावळीचं खाऊन जीभ मेली असणार. बायको नाही घरात, मग पुरुष काय करील? सुशीला ओट्यावर बसून ऐकत होती. तिने ते परत आलेले तांदूळ उचलले, सूप घेतलं आणि पाखडायला बसली. स्वच्छ तांदूळ होते, मीच पाखडून दिले होते. म्हटलं, हाताला काम असलेलं बरं.

खाल्लं: कुळथाची पिठी, भाकरी एक. पचलं: भाकरी हो.

मार्गशीर्ष वद्य नवमी

परत निरोप. आता सोलं भरपूर धाड, आवळे धाड, चिंच असली तर चिंच. म्हणजे पित्त खवळलंय. पांढरा भात आणि खाणावळ, दुसरं काय होणार? सोलकढी सोडली तर आंबटाला तोंड न लावणारा मुलगा.

परसातले आवळे काढले. एकेक बघून, डाग नसलेला तेवढाच घेतला. चिंच अजून कच्ची आहे, तरी दोन मुठी घातल्या. सुशीलाला म्हटलं, सोलं तू निवड, तुझा हात हलका. तिने निवडली. काळी, मऊ, चांगली बाजूला काढली आणि जून तेवढी आम्हाला ठेवली. नवऱ्याची माया अशी असते.

आज तिने रात्रीची पेज टाकली. थंडी बाधली असणार.

माघ शुद्ध तृतीया

लाल भाजी, मुळा, पावटे. थंडीतली भुई म्हणजे भरलेलं ताट. सुशीला आता विहिरीचं पाणी ओढते, दोन कळशा एका दमात. गाल वर आले. केस गळायचे थांबले. पायाच्या टाचा परत आंबोलीच्या झाल्या.

भाई वैद्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले, म्हणाले, ही आता माझ्यापेक्षा बरी. वही बंद केलीस तरी चालेल. मी म्हटलं, तुमची बंद. माझी तिला बोटीत बसवेपर्यंत चालू.

बाबलीकडे निरोप दिला: बायको बरी झाली, ने.

फाल्गुन

निरोपाला उत्तर नाही. बाबली म्हणाला, भेट झाली नाही. मुंबईत हा ज्या चाळीत उतरतो त्याच चाळीत खालच्या मजल्यावर राहणारा माणूस भेटला नाही म्हणतो.

सुशीलाला म्हटलं, आता तूच चार ओळी लिही. म्हणाली, "काय लिवू, आये?" मी म्हटलं, पाव शेर तांदळाचा भात खातंय असं लिही. तिने लिहिलं नाही.

वैशाख वद्य प्रतिपदा, शके १८७९

उद्या शेवटची बोट. मी कोणाची वाट बघणार नाही. बायको त्याची, खोली त्याची, बोट देवाची. ट्रंक बांधली. पिशवीत काजूगर, आंब्याची साठं आणि कुळीथ घातले. सुशीला म्हणाली, राहू दे. मी म्हटलं, गप बस.

वैशाख वद्य द्वितीया

लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

गड्याच्या डोक्यावर ट्रंक देऊन मालवणच्या बंदरावर गेलो. सुशीलाने हिरवं लुगडं नेसलं होतं. वाटेत दोन बायकांनी विचारलं, ही लवूची पहिलीच ना? मी म्हटलं, पहिलीच काय, एकच. त्या एकमेकींकडे बघून गेल्या. पडाव लागला होता. बाबली आंब्यांच्या पेट्या चढवत होता. आम्हाला बघून त्याने उगाच एक पेटी परत उतरवली.

"काकी, हिका हाडूक माका सांगूक नाय लवून."

"सांगूक कित्याक व्हया? बायल तेची."

"पावस सरांदे, मगे बघया, असां म्हणालो."

मी त्याला बरंच बोलले. त्याला, लवूला, गिरणीला. लोक बघत होते, बघू देत. बाबली मान खाली घालून पेटीची दोरी सोडत होता आणि परत बांधत होता. तेव्हा सुशीलाने माझा हात धरला. इतक्या दिवसांत कधी धरला नव्हता.

"आये, घराक जावया. बरको फणस पिकलो आसा. आज फोडूक नाय तर कुसतलो."

आलो. फणस फोडला. खरंच उद्यावर राहिला नसता.

खाल्लं: बरक्या फणसाचे गरे. पचलं: तिला हो.

आषाढ शुद्ध एकादशी

मथुरा दारात उभी राहून म्हणाली, सून भरली हो तुझी, पण घोव खंय? मी म्हटलं, तुझो घोव दिसभर ओट्यार बसून बिडयो ओढता, तेचो तुका काय उपेग झालो? गेली.

पण सुशीलाने ऐकलं. जेवताना नेहमीएवढंच जेवली. तिच्या जेवणात आता काही फरक पडत नाही. मी भरभरून वाढते, ती संपवते. कधी कधी वाटतं, एखादं काम संपवावं तसं संपवते.

भाद्रपद वद्य चतुर्थी

पहिल्या बोटीने बाबली आला. मी निरोप विचारायचा नाही असं ठरवलं होतं. त्यानेच सांगितला. नाचणीचं सत्त्व पाहिजे. घरच्या नाचणीचं, बारीक, चांगलं वाळलेलं.

बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. पोट बिघडलं की आपल्या भुईची आठवण येतेच. आजारातून उठलेल्याला सत्त्वासारखं हलकं काही नाही. ह्याचं पोट एकदा सुधारलं की डोकंही सुधारेल. गेल्या हंगामातली नाचणी कणगीत आहे. आजच भिजत घातली.

भाद्रपद वद्य षष्ठी

आता जे लिहिते ते वैद्यांसाठी नाही.

सकाळी नाचणी वाटली. मी वाटत होते, सुशीला फडक्यातून गाळत होती. दोनदा गाळून झालं. पांढरं दूध परातीत उतरलं. तिने फडकं धुतलं, दुहेरी केलं आणि परत गाळायला घेतलं. मी म्हटलं, "दोनदा गाळलंस तर पुरे गो. मोठ्या माणसाच्या घशात काय अडाकता?"

ती म्हणाली, "मोठ्या माणसाक पुरे, आये. ह्यां तीन म्हयन्यांच्या पोराक जावचां आसा."

मी रगडा धरून बसले होते. रगडा थांबला.

"कोणाच्या पोराक?"

"तुमच्या नातवंडाक. झील काय चेडू, ता माका म्हायत नाय."

तिने फडकं पिळलं.  मग जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं. शेजारच्या खोलीतली बाई, घाटावरची. सुशीला इकडे यायच्या आधीपासून. उकडे तांदूळ तिला गिळत नाहीत. तिरफळाचा वास तिला सहन होत नाही. पोराचं मात्र हिला आधी ठाऊक नव्हतं. मी आवळे निवडायला बसले तेव्हा समजलं.

डाग नसलेले आवळे. मीच हौसेने निवडले होते. त्या बाईचे डोहाळे मी पुरवले, आणि काळी मऊ सोलं हिला निवडायला लावली. वर वहीत लिहिलं की नवऱ्याची माया.

मी विचारलं, "मगे माका सांगलंस कित्याक नाय? वरीसभर?"

सुशीलाने परात सरळ केली. वर न बघता म्हणाली, "मी सांगलंय असतंय, तर तुमी माका कोणासाठी जेवक घातलास असता?"

ह्याला उत्तर होतं. असायलाच पाहिजे होतं. मला त्या वेळी सापडलं नाही आणि ती वरचं पाणी ओतायला उठून गेली.

खाल्लं: लिहीत नाही.

भाद्रपद वद्य अष्टमी

सत्त्व उन्हात वाळलं. मी म्हटलं, गाईला घालते. सुशीला म्हणाली, घाला. मग दुपारी बघते तर तिने ते हाताने मोडून, चाळून, तो दुधाच्या पावडरीचा डबा धुऊन पुसून त्यात भरलेलं. डब्यावरचं पोर अजून हसत होतं. मी ओरडले. काय ओरडले ते लिहायच्या लायकीचं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरान काय केलां, आये?"

संध्याकाळी बाबली आला. डबा तिनेच त्याच्या हातात दिला. सांगितलं, लहान चमचाभरच, पाण्यात कालवून मंद विस्तवावर, ढवळायचं थांबायचं नाही, मीठ घालायचं नाही, गूळ आत्ता नको. दोनदा सांगितलं. बाबलीने रुमालाने तोंड पुसलं. बाबली, ज्याला बोटीतले खलाशी दगड म्हणतात.

जाताना मला म्हणाला, "काकी, लवूक काय सांगू?"

मी म्हटलं, काही नाही. आणि खरंच काही नव्हतं.

आश्विन शुद्ध पंचमी

यशोदा, माझी लेक, फोंड्याहून आली होती. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, वयनीक तिच्या मामाकडे आंबोलेक धाड, लोकां काय म्हणतली? मी म्हटलं, मामाने हिला वाढवली ती उजवून मोकळं व्हायला. आता परत दिली तर तो आधी पावती मागेल. यशोदा रागावून गेली. जाताना पडवळ दिलं तेवढं मात्र नेलं.

सुशीला आत होती. ऐकलं असणार. ह्या घरात भिंती कानांपेक्षा पातळ.

काल आणि आज तिने थोडंच खाल्लं. मी आग्रह केला नाही. वरीसभर आग्रह करून मी काय केलं? एक बाई बरी केली, टाकून द्यायला.

आश्विन पौर्णिमा

नव्याची पुनव.

पहाटे दोघी शेतात गेलो. भात बरं आलंय. लोंब्या कापल्या, आंब्याची पानं आणली, कुर्डूची फुलं तिने बांधावरून खुडली. ओट्यावर बसून जुड्या बांधल्या. दाराला बांधली. नांगराला, रगड्याला. रगड्याला बांधताना माझा हात जरा थांबला, पण रगड्याचा काय दोष? मुसळाला बांधली. रहाटाला सुशीलाने बांधली, तिचा हात पोचतो.

सगळं झालं तरी सुपात एक जुडी उरली. सवयीने बांधली गेली होती, मुंबईची. मी ती हातात घेऊन उभी राहिले. फेकायचं तर नवं फेकत नाहीत. पाठवायचं तर कोणत्या दाराला?

सुशीलाने माझ्या हातातून ती घेतली. आतल्या खोलीत गेली. मी मागून गेले नाही, दारातूनच बघितलं. ट्रंक कोपऱ्यात होती. बंदरावरून आल्यापासून ती लागेल ते लुगडं काढायची आणि परत दोरी बांधायची. तिने दोरी सोडली. आतली लुगडी काढून दांडीवर टाकली, हिरवं सगळ्यात वर. मग रिकाम्या ट्रंकेच्या कडीला ती जुडी बांधली. गाठ मारली आणि ओढून बघितली.

माझ्याकडे वळून म्हणाली, "हिच्यात आता कुळीथ घालूया. उंदीर लागणत नाय."

मी म्हटलं, घाल.

नव्या तांदळाची खीर केली. पहिली वाटी भरली. दरवर्षी ती लवूची, देवापुढे जायची. मी ती सुशीलाच्या पुढे ठेवली. ती बघत राहिली. मी म्हटलं, "तुझ्यासाठी. दुसऱ्या कोणासाठी न्हय. खा."

त्या दिवशी सापडलं नव्हतं ते उत्तर हेच होतं. उशीर झाला. ती खाता खाता रडली. ह्या घरात ती रडलेली मी पहिल्यांदा बघितली. तशीच खात राहिली, वाटी खाली ठेवली नाही.

खाल्लं: खीर. सुशीलाने दोन वाट्या. पचेल.

माझी वाटी अजून चुलीपाशी आहे. साय धरली.